वर्कमेटचं प्रकरण: हाताने केलेल्या अवजाराचं पेटंट कधी फळतं

‘याचं पेटंट घे’ हा सल्ला फुकट मिळतो. तो अमलात आणायला मात्र पैसे लागतात, वेळ लागतो आणि पुढे कधीतरी वकील लागतो. घरच्या वर्कशॉपमध्ये गरजेपोटी काहीतरी जुळवणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी ऐकायला मिळतोच. करवत सरळ चालावी म्हणून केलेली जिग असो, पातळ पत्रा धरायला दोन अँगल जोडून केलेला क्लॅम्प असो, बघणाऱ्याला त्यात लगेच लाखो रुपये दिसायला लागतात. करणाऱ्यालाही थोडे दिसतात, खोटं कशाला बोला.

या प्रश्नावर सर्वसाधारण उपदेश पुष्कळ आहे. तो बाजूला ठेवून एकच प्रकरण शेवटापर्यंत तपासावं म्हणून मी रॉन हिकमन आणि त्याचं ‘वर्कमेट’ निवडलं आहे. वर्कमेट म्हणजे घडी घालून भिंतीला टेकवून ठेवता येणारं ते वर्कबेंच, ज्याच्या वरच्या दोन फळ्याच व्हाइसचं, म्हणजे लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्याचं, काम करतात. निवडण्याचं कारण हे की या एका वस्तूच्या वाटेत सगळे टप्पे आले: घरातली अडचण, जुगाड, सुधारणा, पेटंट, कंपन्यांचे नकार, स्वतःचा छोटा धंदा, परवाना, नक्कल आणि कोर्ट. घरगुती अवजारांच्या बाबतीत इतका पूर्ण प्रवास क्वचितच होतो. बहुतेक गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावरच थांबतात, आणि माझ्या मते त्यांनी तिथेच थांबणं बरोबर असतं.

माणूस आणि अडचण

रोनाल्ड प्राइस हिकमनचा जन्म १९३२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात, ग्रेटाउन या गावी झाला. पन्नाशीच्या दशकात तो इंग्लंडला आला, फोर्डच्या डॅगनम इथल्या कारखान्यात क्ले मॉडेलर म्हणून लागला, म्हणजे नव्या गाड्यांचे मातीचे नमुने घडवण्याचं काम करू लागला. १९५८ साली तो लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीत गेला. १९६२ मध्ये आलेल्या लोटस इलान या स्पोर्ट्स कारच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता.

इलानचा एक किस्सा इथे सांगण्याजोगा आहे. या गाडीचा सांगाडा म्हणजे मधून जाणारा पोलादी पत्र्याचा एक कणा. मूळ बेत फायबरग्लासच्या सलग बॉडीचा होता. ती तयार होईपर्यंत इंजिन, सस्पेन्शन वगैरे चालवून बघायला काहीतरी हवं, म्हणून पत्रा वाकवून एक तात्पुरती चौकट केली गेली. ती इतकी ताठ आणि सोपी निघाली की तीच गाडीत कायम झाली. वेळ मारून नेण्यासाठी केलेली गोष्ट मूळ बेतापेक्षा सरस ठरू शकते, हे या माणसाने नोकरीतच बघितलं होतं.

१९६१ साली हिकमन घरी कपड्यांचं कपाट करत होता. घरात वर्कबेंच नव्हतं. फळी टेकवायला हाताशी होती ती एक चांगली स्वीडिश खुर्ची. करवत फळीतून उतरली ती खुर्चीतही उतरली. फर्निचर करायला बसावं आणि असलेलंच फर्निचर कापून ठेवावं, हा प्रकार घरी सुतारकाम करणाऱ्या कुणालाही नवा नाही. फरक इतकाच की बहुतेक लोक त्यानंतर एक जाड ओंडका किंवा लाकूड टेकवायच्या दोन घोड्या आणून मोकळे होतात. हिकमन त्या अडचणीला चिकटून राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ही कथा सांगताना ती हमखास गाळली जाते. घरात लाकूड कापणारा हा माणूस व्यवसायाने डिझायनर होता. नमुना कसा करायचा, कुठला भाग कुठल्या धातूचा करायचा, उत्पादनाला काय परवडतं, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होतं. अडचण घरातली होती, पण उत्तर शोधण्याची सवय कारखान्यातली होती.

वस्तूत नेमकं काय आहे

पेटंटचा प्रश्न समजायचा तर आधी वस्तू जवळून बघायला हवी.

नेहमीचं वर्कबेंच जड असतं आणि ते जड असणं गरजेचंच असतं, कारण रंधा मारताना किंवा करवत चालवताना जो जोर लागतो तो कुठेतरी जिरायला हवा. त्याच्या कडेला बसवलेल्या व्हाइसचे जबडे हाताच्या पंजाएवढे. दीड मीटरची फळी त्यात धरली की एक टोक पकडीत आणि दुसरं हवेत डुलत राहतं. शिवाय व्हाइसचे जबडे समांतर राहतात, त्यामुळे एका बाजूला निमुळता होत गेलेला तुकडा त्यात बसत नाही. पाचर घालून, कागदाच्या घड्या सरकवून तो कसाबसा धरावा लागतो.

वर्कमेटमध्ये वरचा पृष्ठभाग म्हणजेच व्हाइस. दोन लांब फळ्या शेजारी शेजारी. मागची जागेवर घट्ट, पुढची सरकणारी. पुढच्या फळीला दोन टोकांशी दोन स्क्रू आणि प्रत्येकाला स्वतंत्र हँडल. दोन्ही हँडल सारखी फिरवली की फळी समांतर सरकते. एकच फिरवलं की ती तिरकी होते, आणि मग निमुळता तुकडाही दोन्ही टोकांशी सारखाच आवळला जातो. तिरकं होताना स्क्रू अडकू नये म्हणून जोडाला थोडं वळता येईल इतकी मोकळीक ठेवावी लागते. चित्रात ही बाब नजरेतून सुटते, पण करायला बसलं की पहिल्यांदा तिथेच गाडं अडतं.

बाकीच्या गोष्टी याच्या भोवती. फळ्यांच्या आतल्या कडेला खाच, म्हणजे गोल पाइप धरता येतो. वर भोकं आणि त्यात बसणाऱ्या खुंट्या, म्हणजे फळ्यांमधल्या फटीपेक्षा रुंद वस्तू वरून आवळता येते. पाय दुमडले की उंची कमी होते आणि कापताना गुडघा टेकवायला सोयीचं होतं. आणि खाली पाय ठेवायला एक पायरी. ही पायरी मला या सगळ्या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. बेंच हलकं हवं, कारण ते उचलून घरभर न्यायचं आहे, आणि जड हवं, कारण त्यावर जोर लावायचा आहे. हा पेच हिकमनने असा सोडवला की वजन बेंचमध्ये न ठेवता काम करणाऱ्याचंच वापरलं. एक पाय पायरीवर ठेवला की बेंच हलत नाही.

जुगाडापासून शोधापर्यंत

आता मुद्द्याचं. १९६१ साली कापलेल्या खुर्चीनंतर जे पहिलं काही जुळवलं असेल, त्याचं पेटंट घेण्यासारखं नव्हतं. लाकूड टेकवायला एक आधार, एवढंच ते. पेटंट आलं १९६८ मध्ये. मधली वर्षं वस्तू बदलत गेली आणि त्या काळात हिकमनने तिला ‘मिनीबेंच’ म्हटलेलं दिसतं.

पेटंटसाठी वस्तू नवी हवी, उपयोगी हवी आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज न सुचणारी हवी. या तीन चाळण्यांपैकी घरगुती अवजारं बहुतेक पहिल्या किंवा तिसऱ्या चाळणीत अडकतात. वर्कमेटचे सुटे भाग घेतले तर तेही अडकले असते. घडीचं टेबल जुनं. खुंट्यांनी लाकूड अडवणं त्याहून जुनं. दोन स्क्रूंचा लाकडी व्हाइस, ज्याला आज सुतारकामाचे शौकीन मॉक्सन व्हाइस म्हणतात, तो इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून चित्रासकट नोंदलेला आहे. ‘घडी होणारं वर्कबेंच’ असा दावा कुणी केला असता तर तो पहिल्याच शोधात कोसळला असता. उलट ‘अमुक जाडीच्या फळीला तमुक भोकं’ असा दावा केला असता तर नक्कल करणाऱ्याने भोकं दोन बोटं सरकवली असती आणि विषय संपला असता.

पेटंट टिकण्याजोगं झालं ते मधल्या जागेमुळे: कामाचा पृष्ठभाग हाच लांब जबड्यांचा व्हाइस आहे, आणि त्याची दोन टोकं वेगवेगळी आवळता येतात. हे एक वाक्य शोधायलाच वेळ लागतो. पेटंटचा अर्ज करणारे लोक बहुधा वस्तूचं वर्णन करतात. वर्णन करायचं असतं ते तिच्यातून जे काढून घेतलं की ती वस्तू उरतच नाही, त्या भागाचं. रंग, माप, पायांचा आकार बदलला तरी वर्कमेट वर्कमेटच राहतं. दोन स्क्रूंच्या जागी एक केला की ते साधं घडीचं टेबल होतं.

त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात, म्हणजे १९४९ च्या पेटंट कायद्यात, एक सोय होती जी हाताने काम करणाऱ्याला मानवणारी होती. आधी ढोबळ माहितीचा प्रोव्हिजनल अर्ज देऊन तारीख पक्की करायची आणि नेमक्या दाव्यांसकट पूर्ण अर्ज १२ महिन्यांत द्यायचा. म्हणजे एक वर्ष वस्तू वापरून, मोडून, परत करून बघायला मिळत असे. आजही वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी ही १२ महिन्यांची सवलत भेटते. पॅरिस करार या पेटंटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे एका देशात अर्ज केला की बाकीच्या सदस्य देशांत त्याच तारखेचा हक्क सांगायला १२ महिने मिळतात. तो काळ संपताना खरा खर्च समोर येतो. प्रत्येक देशाचं शुल्क वेगळं, प्रत्येक भाषेतलं भाषांतर वेगळं, आणि पुढे पेटंट जिवंत ठेवायची फी वेगळी. वस्तू विकायला लागली आहे की नाही, याचं उत्तर या १२ महिन्यांत मिळालं नाही तर माणूस आंधळेपणाने पैसे भरत राहतो.

अर्जाआधी गप्प राहणं हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो सगळीकडे सांगितलेला असतो. वस्तू जगजाहीर केली की युरोपात तिचं नावीन्य संपलं. अमेरिकेत शोध लावणाऱ्याने स्वतः जाहीर केलं असेल तर एक वर्ष मिळतं. कंपनीला दाखवायचं तर गोपनीयतेच्या लेखी कबुलीवर दाखवायचं. इतकंच.

नकार, आणि त्यानंतरचा धंदा

हिकमन आपली कल्पना घेऊन अवजारांच्या कंपन्यांकडे गेला. स्टॅनलीने नकार दिला. ही वस्तू शेकड्यांनी नव्हे, डझनांनी खपेल, असं तिथल्या लोकांचं मत पडलं. पुढे जिने ती जगभर नेली त्या ब्लॅक अँड डेकरनेही सुरुवातीला नाहीच म्हटलं.

या नकाराला आज सगळे हसतात. मला तो तितकासा मूर्खपणाचा वाटत नाही. त्या वेळी कंपन्यांच्या डोळ्यांपुढे दोनच गिऱ्हाइकं होती. एक सुतार, ज्याच्याकडे भक्कम बेंच आधीच आहे. दुसरा घरमालक, जो वर्षातून एखादा खिळा ठोकतो. या दोघांच्या मधला माणूस, ज्याला घरात खरं काम करायचं आहे पण बेंच ठेवायला जागा नाही, तो त्यांच्या विक्रीच्या आकड्यांत कुठेच नव्हता. नसणारच, कारण त्याला विकायला काही नव्हतंच. नव्या अवजाराचा बाजार त्या अवजाराशिवाय मोजता येत नाही, आणि मोठी कंपनी न मोजता पैसे घालत नाही. चांगली कागदपत्रं असूनही घरगुती संशोधक या दाराशीच अडतात.

हिकमनने काय केलं, तर स्वतःच मोजलं. १९६८ पासून तो बेंच स्वतः बनवून घेऊ लागला आणि व्यापारी प्रदर्शनांमधून थेट बांधकामावरच्या कारागिरांना विकू लागला. घरमालकांकडे न जाता आधी कारागिरांकडे जाणं मला मोठं शहाणपणाचं वाटतं. रोज आठ तास वापरणारा माणूस वस्तूचं पितळ आठवड्यात उघडं पाडतो. आणि त्याने ती पैसे देऊन घेतली व शेजारच्या साइटवरच्या माणसाने त्याच्याकडे बघून मागितली, तर कंपनीला दाखवायला मतांऐवजी विक्रीची वही मिळते.

१९७२ मध्ये ब्लॅक अँड डेकर परत आली आणि १९७३ पासून वर्कमेटचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. १९८१ पर्यंत जगभरात सुमारे १ कोटी बेंच विकली गेली होती. २०११ मध्ये हिकमन वारला तेव्हा हा आकडा ३ कोटींच्या आसपास सांगितला जात होता. प्रत्येक बेंचमागे त्याला रॉयल्टी, म्हणजे नगामागे ठरलेला मोबदला, होती. १९७७ साली तो जर्सी बेटावर राहायला गेला, १९९४ मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

या क्रमाकडे नीट बघितलं तर एक गोष्ट दिसते. पेटंट हातात येऊनही पहिली काही वर्षं त्याने हिकमनला काहीही दिलं नाही. कारखानदार मिळवून दिला तो त्याच्या स्वतःच्या विक्रीने. पेटंटचं काम त्यानंतर सुरू झालं. ब्लॅक अँड डेकरला वस्तू हवीशी वाटली तेव्हा ती सरळ उचलून स्वतःची म्हणून विकता येईना, परवाना घ्यावा लागला. विक्री नसती तर ते पेटंट कपाटातला कागद होतं. पेटंट नसतं तर ती विक्री म्हणजे दुसऱ्यासाठी केलेलं फुकटचं बाजार-संशोधन झालं असतं.

उलटी बाजू: दोन सेंटचा पाना

याच दशकात अमेरिकेत घडलेलं दुसरं प्रकरण शेजारी ठेवतो. मॅसॅच्युसेट्समधल्या सीअर्स या मोठ्या दुकान-साखळीच्या दुकानात विक्रेता असलेल्या, विशीही न गाठलेल्या एका तरुणाने १९६३ मध्ये फावल्या वेळात रॅचेट पान्याचा एक नमुना बनवला. नेहमीच्या पान्याला तेल-ग्रीसने माखलेलं सॉकेट, म्हणजे नटवर बसणारी टोपी, ओढून काढावं लागतं. याच्या पान्यात वरचं बटण दाबलं की सॉकेट आपोआप सुटत होतं, म्हणजे एका हाताने काम भागत होतं. त्याने पेटंटचा अर्जही केला आणि कल्पना कंपनीकडे पाठवली.

म्हणजे पेटंटच्या बाबतीत त्याने सगळं रीतसर केलं होतं. कंपनीने करार केला तो नगामागे २ सेंट रॉयल्टीचा, पण एकूण १०,००० डॉलरच्या कमाल मर्यादेसह. हे तुझ्या शोधाचं भरपूर मोल आहे, असं त्याला भासवलं गेलं. कंपनीकडे तेव्हाच चाचण्यांचे निष्कर्ष, उत्पादनाचा खरा खर्च आणि विक्रीचे अंदाज होते. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. करार झाल्यावर काही दिवसांतच आठवड्याला ४४,००० पाने बनायला लागले. नऊ महिन्यांत १०,००० डॉलर संपले आणि रॉयल्टी थांबली. १९७५ पर्यंत १ कोटी ९० लाखांहून जास्त पाने विकले गेले होते. १९६९ साली तो कोर्टात गेला. १९७७ मध्ये ज्युरीने फसवणुकीबद्दल १० लाख डॉलरचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी अपील कोर्टाने तो कायम ठेवला, तरी पेटंटवरून पुढची लढाई आणखी कितीतरी वर्षं चालत राहिली.

दोघांकडे घरी केलेलं अवजार होतं आणि दोघांनीही पेटंटची वाट धरली. फरक पडला तो करारावर सही करताना. हिकमनला आपली वस्तू किती खपते, कोण घेतं, ती करायला काय खर्च येतो हे माहीत होतं. पाना करणाऱ्या तरुणाला समोरचा सांगेल ते खरं मानणं भाग होतं. कमाल मर्यादेचं कलम मान्य करणारा माणूस खरं तर पेटंट विकत असतो, परवान्याच्या नावाखाली. विकायलाही हरकत नाही, पण मग भाव तसा लावायला हवा.

नक्कल आणि कोर्ट

वस्तू खपली की नकला आल्याच. वर्कमेटची नक्कल करायला तर कारखान्यात डोकावायचीही गरज नव्हती. एक नग विकत घ्यायचा, स्क्रू उघडायचे, मापं घ्यायची. काही शोध गुप्त ठेवून जगतात, उदाहरणार्थ धातूला पाणी देण्याची एखादी खास रीत, जी तयार वस्तूवरून ओळखता येत नाही. हातात धरून बघता येणारं अवजार मात्र पहिल्या विक्रीबरोबर आपलं सगळं गुपित गिऱ्हाइकाच्या हवाली करतं. अशा वस्तूला पेटंट नाही तर काहीच नाही.

हिकमनला आपले हक्क टिकवायला कोर्टात लढावं लागलं. त्यातला हिकमन विरुद्ध अँड्र्यूज हा खटला ब्रिटनच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि १९८३ च्या पेटंट निकालपत्रांत छापून आला. तिथे पेटंट टिकलं. शोध सहज सुचण्याजोगा होता की नाही, या वादात आजही या निकालाचा आधार घेतला जातो. साध्या शोधांवर हा हल्ला नेहमीच होतो. वस्तू समोर आल्यावर ती इतकी स्वाभाविक वाटते की ‘यात काय मोठं, हे तर कुणालाही सुचलं असतं’ असं म्हणणं सोपं जातं. मग प्रश्न येतो: सुचलं असतं तर इतकी वर्षं कुणी केलं का नाही? दोन स्क्रूंचा व्हाइस शतकानुशतकं होता, घरात काम करणारे लोक होते, आणि धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तर वस्तू समोर ठेवल्यावरही ती नाकारली होती. ज्या नकाराने हिकमनला खट्टू केलं असेल, तशा नकाराचा पुढे ‘हे उघड नव्हतं’ म्हणायला उपयोग होतो, म्हणून नकाराची पत्रं फाडून टाकू नयेत.

पण हे सगळं लढायला पाठीशी रॉयल्टी वाहत होती, हे विसरून चालणार नाही. पेटंट कार्यालय नक्कल करणाऱ्याच्या मागे धावत नाही. ते काम मालकाचं, मालकाच्या खर्चाने. वर्षाला पन्नास नग विकणाऱ्याने नक्कल करणाऱ्या कारखान्यावर खटला भरणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं.

मग कुणी घ्यावं

हिकमनच्या वेळी ब्रिटिश पेटंटची मुदत १६ वर्षं होती, १९७७ च्या कायद्याने ती २० केली. आज जवळपास सगळीकडे अर्जापासून २० वर्षंच आहे. मुदत संपली की कुणीही बनवावं. वर्कमेटसारखी बेंचं आज कितीतरी कंपन्या करतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. ‘वर्कमेट’ हे नाव मात्र त्यांना वापरता येत नाही, कारण ट्रेडमार्कचं नूतनीकरण करत राहिलं की त्याला शेवट नसतो. हिकमनने आधी ज्यांचे दरवाजे ठोठावले होते त्या स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर २०१० मध्ये एक झाल्या. त्यामुळे ‘डझनांनी खपेल’ म्हणणाऱ्या कंपनीचं नाव आता वर्कमेटच्या मालकाच्या नावात पहिलं येतं. हिकमन तेव्हा हयात होता.

या प्रकरणावरून मी कुणाला सल्ला द्यायचा झाला तर वस्तू किती हुशार आहे हे विचारणारच नाही. विचारीन ते असं: हे अवजार परक्या माणसाने, तुझी ओळख नसताना, पैसे देऊन घेतलं आहे का? ज्याने घेतलं त्याने ते सहा महिन्यांनी अजून वापरात ठेवलं आहे का? घरच्या वर्कशॉपमधली बहुतेक अवजारं करणाऱ्याच्या मशीनला, त्याच्या उंचीला, त्याच्या एका नेहमीच्या कामाला बेतलेली असतात. तिथे ती अप्रतिम चालतात. दुसऱ्याच्या हातात ती एक अडगळ होते. अशा अवजाराला पेटंट नको, एक चांगला खिळा हवा, टांगून ठेवायला.

मधल्या वाटाही आहेत. जर्मनीत १८९१ पासून छोट्या शोधांसाठी उपयुक्तता नमुन्याची नोंदणी आहे. ती तपासणीशिवाय लवकर होते, स्वस्त पडते आणि जास्तीत जास्त १० वर्षं टिकते. ब्रिटनमध्ये ती सोय नाही. डिझाइनची नोंदणी जवळपास सगळीकडे होते, पण ती दिसण्याची असते, कामाची नाही. दोन स्क्रूंची युक्ती वेगळ्या दिसणाऱ्या पायांवर बसवली की डिझाइनची नोंदणी हात टेकते.

आणि ज्याला विकायचंच नाही, फक्त ‘उद्या दुसऱ्या कुणी याचं पेटंट घेतलं आणि मलाच अडवलं तर’ अशी धास्ती आहे, त्याच्यासाठी. ब्रिटिश कायद्यात खाजगी आणि बिगरव्यावसायिक वापर पेटंटचा भंग ठरत नाही. १९८० च्या दशकात कुणी आपल्या घरासाठी स्वतःच्या हाताने वर्कमेटसारखं बेंच केलं असतं तर त्याला ना हिकमन अडवू शकत होता ना ब्लॅक अँड डेकर. धंद्यासाठी वापरत असाल तर दुसऱ्याच्या अर्जाच्या तारखेआधीपासून तुम्ही प्रामाणिकपणे जे करत होता ते पुढे करत राहण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. सिद्ध करायला तारीख लागते: कामाची वही, साहित्याची पावती, अवजार वापरात असतानाचा तारखेसकट फोटो. याहून पक्कं हवं असेल तर अवजाराची रचना मापांसकट सरळ प्रसिद्ध करून टाकायची. जे जाहीर झालं त्याचं पेटंट दुसऱ्याला घेता येत नाही. तुम्हालाही, अर्थात.